गोड, ओला, मेला

दूध लागलं. जळका वास दारातून बाहेर रस्त्यावर गेला आणि समोरच्या घरातल्यांनी खिडकी लावून घेतली. मावशी शेगडीशेजारीच बसली होती. तिने तेच दूध दोन पेले प्यायलं आणि ओठावरची साय पुसली.

शिंप्याची गाय तिसऱ्यांदा भरवली, तिसऱ्यांदा उलटली. गाभण राहायचं नावच घेईना. शिंपी म्हणाला, "माप चुकतंय कुठेतरी."

गुरांच्या डॉक्टरने वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की या वस्तीतल्या गाई फार निरोगी आहेत. थंडीपासून व्यायलेल्या एकाही गाईसाठी बोलावणं आलेलं नाही. कारणांचा अभ्यास व्हावा.

गवताची एक काडी. वीतभर, वाळलेली, टोक दाताने चावून मऊ केलेलं.

थंडीच्या सुरुवातीला एक ताप आला. आठवडाभर पाहुण्यासारखा राहिला आणि एक दिवस न सांगता गेला. जाताना घरातली एक वस्तू उचलून घेऊन गेला.

•

ती वस्तू म्हणजे मावशीचं नाक. तसं नाक जागच्या जागी होतं, चांगलं लांब, सरळ, चष्मा पेलणारं. त्यातला वास तेवढा गेला. मावशीला ते कळलं तीन दिवसांनी, गोठ्यात कोपरापर्यंत शेणात हात घालून उभी असताना. सगळं होतं, ऊब होती, माशा होत्या, शेण होतं, फक्त गोठा नव्हता. एखाद्याने गोठ्याचं चित्र काढून त्यात तिला उभं करावं, तसं झालं.

दुसऱ्या कुणा बाईचा वास गेला असता तर ती चारचौघांत हसत म्हणाली असती, बरं झालं, आता नवऱ्याचे मोजे धुवायला हरकत नाही. पण मावशीचं नाक तिच्या एकटीचं नव्हतं, वस्तीचं होतं.

गाय व्याली की पाचव्या-सहाव्या दिवशी मावशीला बोलावणं जायचं. ती बाह्या सारून यायची, गाईच्या पाठीवर थाप मारायची, गवताची काडी शेपटीखाली फिरवायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची. घरातली माणसं श्वास रोखून उभी. मग मावशी तीनपैकी एक शब्द बोलायची. "गोड" म्हणजे गाय आतून साफ होते आहे, झोपा निवांत. "ओला" म्हणजे दोन दिवस नजर ठेवा. आणि "मेला" म्हणजे गर्भाच्या पिशवीत सडायला लागलंय, पळा, डॉक्टरला आणा. तीस-पस्तीस वर्षांत तिचा एक शब्द खोटा पडला नव्हता. डॉक्टर बदलले, दवाखान्याचा रंग बदलला, मावशीचं नाक तेच.

तर असं नाक गेलं. ते सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

मावशीने सांगितलं नाही. तिने एक युक्ती काढली. काडी नाकाशी धरली की डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, पापणीच्या फटीतून घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. वाईट वास असला तर कुणाचं तरी नाक मुरडेलच. पण तिने एक हिशेब धरला नव्हता. घरची माणसं मावशीच्या तोंडाकडे बघत असायची. मावशीचं नाक मुरडलं तर आपण मुरडायचं, असा रिवाज. मावशी त्यांच्याकडे बघे, ती मावशीकडे बघत, आणि मधल्या मध्ये गाय शेपटी हलवी. कुणाचंच नाक मुरडलं नाही की मावशी म्हणायची, "गोड."

थंडीत शिंप्याची गाय, गोड. मग शेजारणीची, गोड. मग पोस्टमनची, तीही गोड.

या शेजारणीला सगळी वस्ती रेडिओ म्हणायची, कारण तिला बटण होतं ते फक्त चालू करायचं. ती म्हणाली, "यंदा एकही मेला निघाला नाही हो कुणाकडे. पाणी मानवलंय गुरांना."

•

ठिपकी व्याली ती उन्हं तापायला लागल्यावर. मावशीच्या गोठ्यात एवढी एकच गाय. पांढऱ्या अंगावर पाठीवर एकच काळा ठिपका, जणू कुणी मोजून थांबलं. कालवड झाली, चांगली धडधाकट, अर्ध्या तासात उभी राहून सड शोधायला लागली. पण वासरामागून पडायची ती वार पडेना. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, वार आपली लोंबते आहे.

रेडिओ कुंपणावरून म्हणाली, "वीट बांध तिला. वजनाने येते खाली."

"तुझ्या जिभेला बांध," मावशी म्हणाली. "ओढून काढली की आत फाटतं. आपली आपण पडेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी पडली आपली आपण. मावशीच्या मुलाने खड्डा खणून पुरली. मुलगा लोकांच्या शेतात ट्रॅक्टर चालवायचा, पहाटे जायचा तो अंधार पडता पडता यायचा. गोठ्यात त्याचा शब्द चालत नसे. "ते तुमचं दोघींचं राज्य," असं म्हणून तो हात धुवून मोकळा व्हायचा.

दोघी म्हणजे मावशी आणि सून. सुनेचे वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्न होऊन येताना इतर मुली काय काय आणतात, हिने एक थर्मामीटर आणला, चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळून. सून बोलायची कमी, आणि तिचा चेहरा म्हणजे बंद दुकान. आत माल किती आहे, बाहेरून कळायची सोय नाही. मावशीची फटीतून बघायची युक्ती सगळ्या वस्तीत चालली, घरात मात्र तिचा उपयोग शून्य.

वार एवढी उशिरा पडली म्हटल्यावर सुनेने रोज सकाळी ठिपकीचा ताप बघायचा नेम धरला आणि आकडे खडूने गोठ्याच्या दारावर लिहायला लागली.

•

गोठ्याचं दार, डावी फळी, आणि त्यावर मावशीचं बोलणं:

तिसरा दिवस, १०१.६. ("गाईच्या मागे काचेची कांडी घालून उभी राहतेस, लाथ बसेल एखादी.")

चौथा दिवस, १०१.८. ("आम्ही तीस वर्षं बिनआकड्यांचा गोठा चालवला.")

पाचवा दिवस, १०२.५. ("ऊन आहे. माझासुद्धा तेवढाच येईल. नको, मला लावू नकोस.")

सहावा दिवस, १०३.६. (मावशीने काडी फिरवली, हुंगली आणि म्हणाली, "गोड.")

•

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलगा घरी आला. गोठ्याच्या दारात पाऊल टाकलं आणि जागीच थबकला.

"आई, हे काय?"

"काय ते?"

"वास."

"बाळंतिणीच्या खोलीत अत्तराचा येणार का? हुंगलंय मी. गोड आहे."

मुलाने नाकावरचा हात खाली घेतला, एक लांब श्वास ओढला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाला, "हां. ट्रॅक्टरच्या धुराने माझं नाकच गेलंय बहुतेक."

थोड्या वेळाने रेडिओ आली. रुमाल नाकाशी धरूनच आली. "काय गं, गाय बरी आहे ना?"

"गोड आहे," मावशी म्हणाली.

रेडिओने रुमाल काढला, घडी घातली, कमरेला खोचला. "तेच म्हटलं, कसला तरी गोडसर येतोय."

सून कोपऱ्यात वैरण तोडत होती. दुकान बंद.

•

सातव्या दिवशी ठिपकीने गव्हाणीत तोंड घातलं नाही. कान पडलेले, डोळे आत गेलेले, कास रिकाम्या पिशवीसारखी. सुनेने धार काढली तर बादलीचा तळ जेमतेम झाकला. शेपटीला खाली तांबूस, पाण्यासारखं पातळ काहीतरी लागलं होतं, आणि त्यावर माशा अशा बसल्या होत्या की उठवल्या तरी तिथेच उतरत. सुनेने थर्मामीटर लावला, उजेडात धरला, पुसला, पुन्हा लावला. मग दारावर लिहिलं, १०४.८.

मावशी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. कातडी तव्यासारखी तापली होती. हाताला अजून कळायचं मावशीच्या. माशा डोळ्यांना दिसत होत्या. सगळं काही एकच गोष्ट सांगत होतं, फक्त जिच्या सांगण्यावर सगळे थांबले होते ती मुकी झाली होती.

"आत्या," सून म्हणाली, "परवा दूध लागलं होतं ना."

"लागलं होतं?" मावशी म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे न दाबताच उघडलं.

सुनेने भिंतीच्या खाचेतून एक वाळकी काडी काढली, टोक दातांनी चावून मऊ केलं, ठिपकीच्या शेपटीखाली फिरवली आणि मावशीच्या हातात दिली. "एकदा बघा."

मावशीने काडी नाकाशी नेली. काहीच नाही. कोरी पाटी. तिने ओढून श्वास घेतला, पुन्हा घेतला. "गोड" हा शब्द जिभेवर येऊन बसला होता, तयार, इस्त्री केलेला. तो म्हटला की आजचा दिवस निभावत होता. ठिपकीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि परत वळवली, एवढीसुद्धा ताकद नसल्यासारखी.

मावशीने काडी पुढे केली. "तू हुंग."

सुनेने हुंगली. तिचं डोकं झटक्यात मागे गेलं, डोळे मिटले गेले, ओठ वाकडे झाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते दुकान असं सताड उघडलं होतं.

"काय?" मावशीने विचारलं.

"तुम्ही काय म्हणता ते..."

"मी काही म्हणत नाही. मला येत नाही. थंडीपासून येत नाही. तू बोल."

सुनेने काडी खाली टाकली. "मेला," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"मेला, आत्या. चांगला चार दिवसांचा मेला."

"मग उभी काय राहिलीस?" मावशी म्हणाली. "डॉक्टरला फोन लाव."

•

डॉक्टर पोरसवदा बाई, स्कूटरवरून आली. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवताना तिचं लक्ष दारावरच्या आकड्यांकडे गेलं. "हे कुणी लिहिलं?"

"सुनेने," मावशी म्हणाली.

"या आकड्यांनी गाय वाचेल. पण बोलावलंत उशिरा. वार राहिली होती का?"

"दुसऱ्या दिवशी पडली. ओढली नाही."

"ते बरं केलंत." डॉक्टरने सावकाश तपासलं, हात बाहेर काढला आणि दारात जाऊन मोकळ्या हवेत दोनदा श्वास घेतला. "पिशवीत पू झालाय आणि तो रक्तात उतरायला लागलाय. मावशी, एवढा वास येतोय, रस्त्यावर येतोय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

कुंपणावर रेडिओ उभी होती. मुलगा आज कामाला गेला नव्हता, तो दाराशी. सून बादली घेऊन. सगळ्यांनी आपापल्या पायाची बोटं बघायला घेतली.

"आला सगळ्यांना," मावशी म्हणाली. "मी गोड म्हटलं म्हणून त्यांनी नाकं मिटली. माझा वास गेलाय, डॉक्टर. थंडीतला ताप घेऊन गेला. मी लपवलं."

कुंपणावरून चक्क काही आवाज आला नाही.

डॉक्टर हसली नाही की रागावली नाही. तिने सुई भरली, ठिपकीच्या मानेत टोचली, तापासाठी दुसरी दिली, सलाइनची बाटली गोठ्याच्या आढ्याला टांगली. हात चालू, तोंड चालू. "हे इंजेक्शन रोज, पाच दिवस, एकही चुकवायचा नाही. ताप उतरला तरी पाच म्हणजे पाच. आत पाणी सोडून धुवायचं नाही."

"औषधाचं पाणी पण नाही?" रेडिओला कंठ फुटला. "आमच्याकडे नळी घालून..."

"नाही. आतली घाण आणखी आत जाते. बसायला कोरडी जागा, प्यायला कोमट पाणी, थोडं थोडं पण सारखं. आणि इंजेक्शन चालू आहे तोवर, शिवाय त्यापुढे मी सांगेन तोवर, दूध डेअरीला नाही, घरात नाही, वासराला नाही. ओतून द्यायचं."

"मग कालवडीला?" सून म्हणाली.

सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं.

"देईन की," रेडिओ म्हणाली. "माझ्या गाईचं देईन. माझीपण म्हणजे आता..." ती अडखळली. "मावशी, माझी गायपण तूच हुंगली होतीस गं."

•

डॉक्टरने हातमोजा उतरवता उतरवता विचारलं, "थंडीपासून एकूण किती गाई गोड म्हणालात?"

"हिच्याशिवाय तीन."

"बसा मागे."

त्या दिवशी वस्तीने एक देखावा पाहिला. पुढे डॉक्टर, मागे मावशी, मांडीवर बादली, बादलीत हातमोजे, आणि एका हाताने चष्मा धरलेला. स्कूटरवर मावशी आयुष्यात पहिल्यांदाच बसली होती. स्कूटरच्या पुढे धावत रेडिओ. बातमी स्कूटरच्या आधी पोचत होती, म्हणून मावशीला दारात उतरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नव्हती. हीच एक दया.

पोस्टमनची गाय ठणठणीत निघाली. पोस्टमन म्हणाला, "म्हणजे ही खरीच गोड होती?" मावशी म्हणाली, "आंधळ्याने दगड मारला आणि लागला."

रेडिओच्या गाईला सकाळी उठली की मागे पांढरं-पिवळं घट्ट दिसायचं. "म्हटलं, मावशी गोड म्हणालीय म्हणजे ही साय असेल," रेडिओ म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. डॉक्टरने ताप बघितला, नव्हता. पिशवीत एकदाच औषध सोडलं. थोडक्यात निभावलं.

शिंप्याकडे मात्र मावशीचे पाय दारातच जड झाले. गाय तीनदा भरवून तीनदा उलटलेली. डॉक्टर तपासत होती तेवढा वेळ शिंपी गळ्यात टेप अडकवून उभा होता. मावशीकडे बघत नव्हता, तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

"आत जुना पू आहे," डॉक्टर म्हणाली. "म्हणून राहत नव्हती. साफ होईल. पण हा माज सोडायचा, पुढचाही बघून."

"मावशी," शिंपी म्हणाला, "तुम्ही गोड म्हणाला होतात."

"खोटं बोलले."

"मी चार ठिकाणी गाईला वांझ म्हणून नावं ठेवली. विकायला काढली होती मी तिला."

मावशीने मान खाली घातली. तीस वर्षांत तिला या दारात कुणी उभं ठेवलं नव्हतं. आज खुर्ची आली नाही, पाणी आलं नाही. शिवणयंत्रावर अर्धी बाही तशीच लोंबत होती. मावशी तिच्याकडेच बघत राहिली.

शिंपी बराच वेळ टेपशी चाळा करत होता. मग एकदम म्हणाला, "पण मला येत होता वास."

"काय?"

"तेव्हा. सहाव्या दिवशी. मला येत होता. घाणेरडा. मला वाटलं माझंच नाक बिघडलं."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मलापण येत होता. मला वाटलं तुमच्याच पायांचा."

शिंप्याने आत पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. डॉक्टर गाईच्या मागे तोंड लपवून हलायला लागली. मावशीने सोसवलं तेवढं सोसलं, मग तीही फुटली. शिंपी हसला नाही, पण पाण्याचा तांब्या त्याने स्वतः आणून दिला.

परत येताना डॉक्टर म्हणाली, "मी वर पत्र लिहिलंय, ही वस्ती फार निरोगी म्हणून. आता दुसरं लिहावं लागणार."

"काय लिहाल?"

"लिहीन, सर्दी झाली होती."

•

दारावर आकडे उतरायला लागले. १०४.१. १०३. १०२.२. चौथ्या इंजेक्शनला ठिपकीने लाथ झाडली, तेव्हा सून पहिल्यांदा हसली. पाचव्या दिवशी गाईने गव्हाणीतली वैरण संपवून मावशीच्या बाहीला तोंड घातलं. रोज सकाळ-संध्याकाळ सून पिळून काढलेलं दूध खड्ड्यात ओतायची आणि मुलगा तोंड फिरवून उभा राहायचा. रेडिओ कालवडीसाठी भांडं घेऊन यायची आणि भांडं रिकामं होईपर्यंत वस्तीचं सगळं सांगून टाकायची.

पाच आठवड्यांनी डॉक्टरने तपासलं. पिशवी आटून जागेवर आली होती. त्यानंतर एका सकाळी ठिपकी हंबरत सुटली, शेपटीखाली माजावर आल्याचा, काचेच्या तारेसारखा लांब, स्वच्छ बळस लोंबला. सुनेने तो बोटावर घेतला, उजेडात ताणून बघितला आणि मावशीला दाखवला. मावशीने चष्मा लावून पाहिला. "हे मला दिसतं," ती म्हणाली. "याला नाक लागत नाही."

बोलावणं येणं बंद होईल अशी मावशीची समजूत होती. झालं नाही. वीटभट्टीवाल्याची गाय व्याली आणि सहाव्या दिवशी त्याचा माणूस दारात हजर. मावशी म्हणाली, "अरे, माझं नाक गेलं, ऐकलं नाहीस का?" तो म्हणाला, "ऐकलं. पण मालक म्हणाले, बोलावून आण."

दोघी गेल्या. सुनेने डबीतला थर्मामीटर काढला. मावशीने काडी चावून मऊ केली, गाईच्या शेपटीखाली फिरवली, आणि वीटभट्टीवाल्याच्या नाकासमोर धरली.

"मी?" तो म्हणाला.

"गाय कुणाची?"

त्याने हुंगलं. मग बायकोकडे पाहिलं, मग म्हाताऱ्या वडिलांकडे, मग मावशीकडे. "तुम्हीच सांगा ना."

"माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही, तिकडे बघू नकोस. काय येतंय नाकाला?"

"येतंय... म्हणजे जरा..."

"बोल."

"घाणेरडं येतंय मावशी. सडकं."

"कधीपासून?"

"कालपासून. परवापासूनच, खरं तर."

"मग परवाच का नाही बोललास?"

"सगळेच गप्प होते," तो म्हणाला.

सुनेने थर्मामीटर उजेडात धरला आणि फोन काढला. मावशीने गाईच्या पाठीवर हात ठेवला. तापली होती, पण फार नाही. वेळेवर होतं.

मावशी सात वर्षांची असताना तिची आई बाळंत होऊन नवव्या दिवशी गेली. वास सगळ्या घराला येत होता.